कै. हरि नारायण आपटे

पुस्तकांच्या दुकानांमुळें अप्पा बळवंत चौक आमच्या विद्यार्थ्यांस चांगला परिचित आहे. त्याच्या जवळच आनंदाश्रम ही संस्था आहे. तेथील संस्कृत पोथ्यांचा लौकिक मोठा. परंतु तिचा कारभार पाहतां पाहतां ज्या गृहस्थांनीं मराठी कादंबरीस नवें रूप दिलें, त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

हरिभाऊंचा जन्म ता. ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांत पारोळें येथें झाला. मातृसुख त्यांस फार दिवस लाभलें नाहीं. आनंदाश्रमाचे संस्थापक महादेव चिमणाजी आपटे हे त्यांचे चुलते. त्यांच्याच छायेखालीं ते वाढले. न्यू इंग्लिश स्कूलमध्यें त्यांस थोर गुरु भेटले. १८८२ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, तेव्हां या विद्यार्थ्यानें विलापकाव्य रचलें. आणि आगरकरांच्या हॅम्लेटच्या भाषांतरावर परखड टीका लिहावयासही तो कचरला नाहीं. गणितानें मात्र त्यांची वाट अडविली, व पदवी हातीं आली नाहीं.

१८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें. दर आठवड्यास अंक निघावयाचा, वाचक पुढील प्रकरणाची वाट पाहत असावयाचे. तेथें स्फूर्तीची प्रतीक्षा करीत बसून कसें चालेल? मन प्रसन्न असो वा नसो, लेखणी हातीं घ्यावीच लागे. या घाईचे दोषही त्यांच्या लेखनांत आहेत. कथानक पाल्हाळिक होतें, आणि कित्येक कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं.

परंतु याच साप्ताहिकांत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ प्रसिद्ध झाली. पुण्यामुंबईच्या घरांतील यमू आपली कहाणी स्वतः सांगते: बालपण, सासर, वैधव्य, आणि अखेर जुलमानें झालेलें केशवपन. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८९० मध्येंच पुण्यास आलें होतें, व विधवांच्या प्रश्नावरून शहरांत कडाक्याचे वाद चालत. वादांत दुसऱ्यास बोलूं न देणारा मनुष्यही कथा ऐकावयास बसतो. हरिभाऊंनीं व्याख्यान दिलें नाहीं. ज्या मुलींस घरांत तोंड उघडण्याची सोय नव्हती, त्यांतील एकीस त्यांनीं बोलतें केलें.

‘उषःकाल’ आदि ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांनीं लिहिल्या, पुणें नगरपालिकेचें अध्यक्षपद सांभाळलें, आणि १९१२ सालीं अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ता. ३ मार्च १९१९ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला.

आमच्या शाळेंतही गणितांत मागें पडलेला एखादा विद्यार्थी वहीच्या मागच्या पानावर कांहीं लिहीत असेल. त्यानें अभ्यास सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण लिहिणेंही सोडूं नये. आणि पालकांनीं तें पान फाडण्यापूर्वीं एकवार वाचून पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.