भाषणाला शेंडा ना बुडखा? स्पॅनिशमध्ये त्याला एका विनोदवीराचं नाव आहे!

एखादा नेता दहा मिनिटं बोलतो आणि शेवटी नक्की काय म्हणाला तेच कळत नाही. अशा बोलण्याला स्पॅनिश भाषेत ‘कान्तिनफ्लेस्को’ म्हणतात. हे विशेषण आलंय मेक्सिकोचा लाडका विनोदवीर कान्तिनफ्लास याच्यावरून.

त्याचं खरं नाव मारिओ मोरेनो. जन्म १२ ऑगस्ट १९११, मेक्सिको सिटीतला. वडील टपाल खात्यात, घरी खाणारी तोंडं बरीच. पोरगा तंबूतल्या स्वस्त खेळांमध्ये शिरला. आपल्याकडच्या तमाशाच्या कनातीसारखंच वातावरण, आवडलं नाही तर प्रेक्षक तिथल्या तिथे हुर्यो उडवणार! तिथेच त्याचं सोंग घडलं. कमरेखाली घसरलेली विजार, पट्ट्याऐवजी दोरी, ओठांच्या दोन टोकांना चिमूटभर मिशी आणि अखंड बडबड. वाक्य सुरू व्हायचं, पण संपायचं नाही.

१९३७ मध्ये कामगार नेते मोरोनेस यांनी विरोधक लोम्बार्दो तोलेदानो यांना वादविवादाचं आव्हान दिलं. वादच घालायचा असेल तर कान्तिनफ्लासशी घाला, असा टोला तोलेदानोंनी हाणला. तंबूतला नट थेट राजकारणात गाजला.

१९४० च्या ‘आई एस्ता एल देताये’ या सिनेमात त्याची ही कला सगळ्यात झकास दिसते. त्याने मारलेला असतो बॉबी नावाचा कुत्रा, पण खटला उभा राहतो बॉबी नावाच्या माणसाच्या खुनाचा! हा बिनधास्त कबुली देत सुटतो. शेवटी तर कोर्टातले शिकलेसवरलेले वकीलही त्याच्यासारखंच बरळायला लागतात. गरीब माणूस साहेबांच्या जड भाषेत अडकत नाही, उलट साहेबांनाच अडकवतो. लोक डोक्यावर घेणार नाहीत तर काय?

१९५६ च्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ने त्याला गोल्डन ग्लोब मिळवून दिला. पण १९६० चा ‘पेपे’ आपटला. त्याची गंमत शब्दांत होती आणि ती इंग्रजीत उतरेना.

स्पॅनिशची अधिकृत अकादमी मात्र त्याच्यापुढे नमली. ‘कान्तिनफ्लेआर’, म्हणजे भरमसाट पण असंबद्ध बोलणं, हे क्रियापद १९९२ मध्ये तिच्या शब्दकोशात आलं. पुढच्याच वर्षी, २० एप्रिलला, फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. अंत्यदर्शनाला हजारोंची रांग लागली.

साहेबांची फिरकी घेणाऱ्याचं हे नाव आज स्पॅनिश वर्तमानपत्रं साहेबांच्याच गोलमाल उत्तरांना लावतात.