आठवड्याला चार पौंड

१९०६ साल सरता सरता मँचेस्टरच्या क्वीन्स हॉटेलात एक बाजार भरला होता. विकायला होते फुटबॉलपटू. मँचेस्टर सिटी या क्लबच्या १७ खेळाडूंना इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने निलंबित केले होते आणि पुन्हा कधीही सिटीकडून खेळायचे नाही, असे बजावले होते. त्यांना उचलायला निरनिराळ्या क्लबांची मंडळी पैसे घेऊन आली होती. आयपीएलचा लिलाव पाहायची सवय झालेल्या आपल्याला यात फारसे नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की आयपीएलमध्ये बोलीची रक्कम खेळाडूच्या खिशात जाते. इथे ती क्लबच्या तिजोरीत पडायची. आणि या खेळाडूंचा गुन्हा काय? तर ठरवून दिलेल्या पगारापेक्षा जास्त पगार घेतला!

त्यांच्यातला सगळ्यात मोठा मोहरा मात्र त्या बाजारात आलाच नाही. शेजारच्या मँचेस्टर युनायटेडने त्याला आधीच गाठून ठेवले होते. त्याचे नाव बिली मेरेडिथ.

हल्ली आमच्या घरातही उन्हाळ्याच्या दिवसांत युरोपातल्या फुटबॉलपटूंच्या खरेदी-विक्रीची चर्चा रंगते. कुणाचा करार संपून तो मोकळा झाला, कोण त्याला फुकटात नेणार, पगाराच्या मर्यादेत तो बसणार का, याचे हिशेब पोरे जेवताना मांडत असतात. ते ऐकताना मला हटकून हा मेरेडिथ आठवतो. कारण हे सगळे हिशेब त्याच्या काळातही होते. फक्त ते मांडायचा हक्क खेळाडूला नव्हता.

मेरेडिथ जन्मला ३० जुलै १८७४ रोजी, वेल्समधल्या चर्क गावाजवळच्या ब्लॅक पार्क या खाणवस्तीत. घरात दहा भावंडे, वळण मेथडिस्ट पंथाचे, कडक. बाराव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत उतरला. कोळशाचे डबे ओढणाऱ्या घोड्यांवर त्याचे काम. फुटबॉल हा त्या गावाचा श्वास होता, पण पैसे घेऊन खेळणे त्याच्या आईला पटत नव्हते. १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीची माणसे त्याला न्यायला आली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्यातल्या एकाला तळ्यात ढकलले आणि खाणकामगारांना पाजल्याशिवाय पाहुण्यांची सुटका झाली नाही, अशी कथा सांगतात. कथेत तिखटमीठ असेल. पण आपला पोरगा परक्यांनी उचलून नेण्याचा गावाचा राग खोटा नसावा. मेरेडिथने सही केली, पण खाण लगेच सोडली नाही. आठवडाभर जमिनीच्या पोटात राबायचे आणि सामन्याच्या दिवशी गाडी पकडायची, असा त्याचा क्रम काही काळ चालला.

काटकुळा, किंचित वाकड्या पायांचा हा माणूस मैदानाच्या उजव्या कडेने चेंडू घेऊन निघाला की समोरच्या बचावपटूची त्रेधा उडे. तोंडात सदैव दातकोरणे. आधी तो तंबाखू चघळत असे. पण थुंकीचे डाग पडलेले शर्ट धुणाऱ्या बायांनी हात वर केले आणि तंबाखूची जागा दातकोरण्याने घेतली. व्यंगचित्रकारांची मात्र त्यामुळे चांगली सोय झाली. १९०४ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात बोल्टनविरुद्ध एकुलता एक गोल त्यानेच केला आणि कप्तान म्हणून चषकही त्यानेच उचलला.

आता थोडे नियमांकडे वळले पाहिजे. नाहीतर पुढचे काहीच कळायचे नाही. १८९३ पासून इंग्लिश लीगमध्ये अशी रीत होती, की खेळाडूची नोंदणी एकदा एका क्लबकडे झाली की त्या क्लबच्या परवानगीशिवाय त्याला लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडे जाता येत नसे. करार संपला तरी नाही. क्लबला तो नको असला, पगार देत नसला, तरीही नाही. त्यावर १९०१ च्या हंगामापासून दुसरी गाठ बसली. आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड पगार, वर बोनस नाही. हेतू वरकरणी चांगला होता. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, लहान क्लब जगावेत. आजही पगाराच्या मर्यादेचे समर्थन याच शब्दांत होते. सामान्य मजुराच्या मानाने ४ पौंड कमी नव्हते, हेही खरे.

पण खेळाडूच्या पगाराला झाकण घातले, त्याच्या किमतीला नाही. १९०५ च्या फेब्रुवारीत मिडल्सब्रोने संडरलँडकडून आल्फ कॉमन हा खेळाडू १,००० पौंडांना विकत घेतला. ४ पौंडांच्या हिशेबाने ती जवळजवळ पाच वर्षांची कमाई होते, आणि ती गेली एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे. ज्याच्या पायांसाठी हा व्यवहार झाला, त्याचा आठवड्याचा पगार ४ पौंडांच्या वर जाऊ शकत नव्हता. असा नियम केला की पैसा मागच्या दाराने येतोच. सिटीमध्ये तो येत होता आणि इतर क्लबांत येत नव्हता, असे मानायला मी तयार नाही.

स्फोट झाला तो भलत्याच कारणाने. २९ एप्रिल १९०५ रोजी विजेतेपदाच्या आशेने सिटी ॲस्टन व्हिलाविरुद्ध उतरली आणि २-३ अशी हरली. मैदानावर हाणामारी झाली. तिची चौकशी करता करता असोसिएशनच्या हाती वेगळेच प्रकरण लागले. व्हिलाचा कप्तान ॲलेक लीक याला सामना सोडण्यासाठी मेरेडिथने १० पौंड देऊ केले होते! मेरेडिथ हंगामभरासाठी निलंबित झाला. आधी त्याने साफ कानांवर हात ठेवले. पण निलंबनाच्या काळात सिटीकडे पैसे मागितल्यावर क्लबने हात झटकले आणि उलट त्याचीच तक्रार केली. मग त्याने सगळे बाहेर काढले. लाच आपण देऊ केली ती मॅनेजर टॉम मेली याच्या सांगण्यावरून, आणि क्लबमध्ये ४ पौंडांचा नियम कोणीच पाळत नाही, असे त्याने सांगून टाकले. मेली आणि क्लबचा अध्यक्ष यांना फुटबॉलमधून हद्दपार केले गेले, क्लबला २५० पौंड दंड झाला, खेळाडूंनाही दंड झाले, आणि पाठोपाठ तो बाजार भरला.

मेरेडिथला संत ठरवायचा मोह मला होत नाही. लाच ती लाचच. सांगणारा कोणीही असो, दहा पौंड घेऊन गेला तो मेरेडिथच. आणि तोंड उघडले तेही स्वतःवर आल्यावर. त्याच्या बोलण्याने सोबत्यांचाही संसार उठला. तरीही पुढच्या चार वर्षांत त्याने जे केले, ते बघितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

१ जानेवारी १९०७ रोजी निलंबन संपून तो युनायटेडकडून पहिल्यांदा उतरला. समोर पुन्हा ॲस्टन व्हिलाच! त्याने दिलेल्या चेंडूवर सँडी टर्नबुलने गोल केला. हा टर्नबुलही सिटीतूनच आलेला. (पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, तो मारला गेला.) १९०८ मध्ये युनायटेडने पहिल्यांदा लीग जिंकली, १९०९ मध्ये एफए कप.

त्याच १९०७ च्या एप्रिलमध्ये युनायटेडचा टॉमस ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या सामन्यात चेंडू डोक्याने मारल्यावर कोसळला आणि गेला. पाच वर्षांपूर्वी मेरेडिथचा जुना सोबती डाय जोन्स सरावात गुडघ्याला काच लागून, जखम चिघळून गेला होता. तोवरच्या कामगार भरपाई कायद्यात फुटबॉलपटू बसत नव्हते. खाणीत वाढलेल्या माणसाला हे कसे दिसले असेल? खाणीत अपघात झाला तर मागे निदान युनियन असते. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची सभा भरली. अध्यक्षस्थानी मेरेडिथ. पगाराची मर्यादा जावी, खेळाडूला मोकळेपणी क्लब बदलता यावा, या मागण्या घेऊन खेळाडूंची युनियन उभी राहिली.

युनियन देशातल्या इतर कामगार संघटनांशी हातमिळवणी करू लागली तेव्हा असोसिएशन बिथरली. १ जुलै १९०९ च्या आत युनियन सोडा, नाहीतर खेळणे बंद, असा हुकूम सुटला. बहुतेकांनी सोडली. पोटाचा प्रश्न होता. त्यांना दोष कसा द्यायचा? युनायटेडच्या खेळाडूंनी मात्र सोडली नाही. नव्या विजेत्यांना मैदान बंद, पगार बंद. फॅलोफील्डला जाऊन ते स्वतःच सराव करू लागले. तिथे काढलेल्या फोटोत पुढे एक पाटी आहे, 'आउटकास्ट्स एफसी', म्हणजे वाळीत टाकलेल्यांचा क्लब. तो फोटो पाहताना मला नेहमी वाटते, चेष्टा करायची ताकद शिल्लक असलेल्या माणसांना वाकवणे कठीणच. हळूहळू इतर क्लबांतले खेळाडूही परत फिरू लागले, हंगाम तोंडावर आला आणि ऑगस्टअखेर असोसिएशन नमली. युनियनला मान्यता मिळाली, बोनसही मिळाला. पण त्या बदल्यात खेळाडूंनी इतर कामगारांशी नाते तोडले आणि पगाराची मर्यादा तशीच राहिली. हा सौदा मेरेडिथच्या जिव्हारी लागला.

पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने ५ पौंडांपर्यंत गेली. १९१२ मध्ये युनियनने बदलीच्या पद्धतीविरुद्ध हॅरी किंगबी या खेळाडूचा दावा लढवला. तो हरला आणि कोर्टखर्चाने युनियनचे कंबरडेच मोडले. मग महायुद्ध आले.

मेरेडिथ खेळतच राहिला. १५ मार्च १९२० रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, वेल्सकडून तो शेवटचा खेळला. वेल्सने इंग्लंडला २-१ हरवले. युनायटेडशी मात्र त्याचे बिनसले होते. त्याला सोडायचे तर क्लबला त्याची किंमत हवी, आणि आपल्या नावावर कुणी किंमत वसूल करावी हेच त्याला मान्य नव्हते. शेवटी १९२१ मध्ये त्याला 'फ्री ट्रान्स्फर' मिळाली, एका पैचीही देवघेव न होता, आणि तो परतला सिटीकडेच. त्या वेळी तो सत्तेचाळिशीला टेकला होता! २९ मार्च १९२४ रोजी एफए कपच्या उपान्त्य सामन्यात तो न्यूकॅसलविरुद्ध शेवटचा उतरला, तेव्हा पन्नाशीला चार महिने उरले होते.

त्यानंतर त्याने मँचेस्टरमध्ये पब चालवला, १९२६ मध्ये एका मूकपटात काम केले, युनायटेडमध्ये थोडे प्रशिक्षणही दिले. १९ एप्रिल १९५८ रोजी तो वारला. वय ८३. म्युनिकच्या विमान अपघाताला अडीच महिनेही झाले नव्हते. मँचेस्टर आपल्या तरुण खेळाडूंच्या दुःखात बुडाले होते. ज्या मर्यादेविरुद्ध तो लढला ती तेव्हाही होती, फक्त आकडा बदलला होता. त्या वर्षी ती २० पौंड झाली. १९६१ मध्ये खेळाडूंच्या संपाच्या धमकीपुढे ती उठली, आणि करार संपल्यावर बदलीची रक्कम न देता युरोपातल्या दुसऱ्या देशाच्या क्लबकडे जायचा हक्क मिळायला १९९५ उजाडले. बॉसमन या बेल्जियन खेळाडूने तो कोर्टातून मिळवला.

मेरेडिथची कबर मँचेस्टरच्या सदर्न सिमेटरीत आहे. चाळीसहून अधिक वर्षे तिच्यावर दगड नव्हता. तो बसला २००१ मध्ये, आणि खर्च वाटून घेतला सिटीने, युनायटेडने, वेल्सच्या फुटबॉल संघटनेने आणि खेळाडूंच्या युनियनने.