दिवसा नोकरी, रात्री पुस्तक

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. ती एका कंपनीत नोकरी करते आणि एम.टेक.ला प्रवेश मिळावा म्हणून गेट परीक्षेचा अभ्यासही करते. दिवसभर ऑफिस, जाण्या-येण्यात दोन तास आणि रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटायला लागतात. दोन वर्षं झाली, मावशी, आता सोडूनच देते, असं म्हणाली आणि रडायला लागली. मला काही सुचेना. सकाळी डबा करताना मात्र एकदम मादाम क्युरी आठवली. दोन नोबेल मिळवणारी नव्हे, त्याच्या कितीतरी आधीची. लोकांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवणारी.

मारिया स्क्लोदोव्स्का १८६७ साली पोलंडमध्ये, वॉर्सा शहरात जन्मली. तेव्हा तिथे रशियाची सत्ता होती. १८८३ मध्ये सुवर्णपदक मिळवून तिने शाळा संपवली. पण पुढे काय? वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. आई लहानपणीच क्षयाने गेलेली आणि शिक्षक असलेल्या वडिलांकडे परदेशी पाठवण्याइतका पैसा नाही. मग मारिया आणि तिची मोठी बहीण ब्रोन्या यांनी आपापसांत ठरवलं. आधी ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मारियाने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. ब्रोन्याचं शिक्षण झालं की तिने मारियाला बोलावून घ्यायचं.

१८८६ च्या जानेवारीत, नुकतीच अठरा वर्षांची झालेली मारिया वॉर्सापासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या श्चुकी गावी गेली. झोराव्स्की कुटुंबात मुलांना शिकवायची नोकरी होती. पगार वर्षाला पाचशे रूबल. दिवसाचे सात तास शिकवणं. त्यात भर म्हणून तिने गावातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना गुपचूप पोलिश लिहाय-वाचायलाही शिकवलं. तेव्हा तो गुन्हा होता!

आणि स्वतःचा अभ्यास? तो रात्री नऊनंतर, नाहीतर पहाटे उठून. भौतिकशास्त्र, समाजशास्त्र, शरीरशास्त्र अशी दोन-तीन पुस्तकं ती एकाच वेळी वाचायची. एका विषयाचा कंटाळा आला की दुसरा. वाचलेलं डोक्यात शिरेनासं झालं, की बीजगणिताची किंवा त्रिकोणमितीची गणितं सोडवायची, कारण गणित करताना लक्ष भरकटून चालत नाही. गणित शिकवायला वडील होते, तेही पत्रातून!

हे सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही. त्या घरातला थोरला मुलगा काझिमिएझ आणि ती एकमेकांच्या प्रेमात पडली. घरात नोकरी करणारी मुलगी सून म्हणून नको, असं त्याच्या आई-वडिलांनी ठणकावलं. ज्या घराने नाकारलं त्याच घरात मारिया पुढेही शिकवत राहिली, कारण पगार सोडणं परवडणारं नव्हतं. ब्रोन्याचं शिक्षण त्यावर चाललं होतं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती पुढची गोष्ट. १८९० मध्ये ब्रोन्याने ठरल्याप्रमाणे पॅरिसला बोलावलं, तेव्हा मारियाने नकार कळवला! चार वर्षांत ती थकली होती. वडिलांजवळ राहावं, पॅरिसचा विचार सोडावा, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिची उमेद परत आली ती वॉर्सातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत. ती तिच्या नात्यातल्या एका भावाच्या हाताखाली होती. संध्याकाळी किंवा रविवारी, वेळ मिळेल तसं तिथे जाऊन ती एकटीच प्रयोग करायची. काही फसायचे, एखादा जमायचा. त्यातूनच पुन्हा ओढ लागली.

१८९१ च्या नोव्हेंबरमध्ये, चोविसावा वाढदिवस तोंडावर असताना, ती पॅरिसला पोहोचली. तिथे गेल्यावर कळलं की फ्रेंच कमी पडतंय आणि गणितही कच्चं आहे. इतकी वर्षं एकटीने केलेल्या अभ्यासात फटी राहिल्या होत्या. त्या तिने भरून काढल्या. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत ती पहिली आली, १८९४ मध्ये गणितात दुसरी. १९०३ आणि १९११ चं नोबेल आपल्याला ठाऊकच आहे.

मैत्रिणींनो, तिची बुद्धी आपल्या भाचीला, लेकीला कुठून आणून देणार? पण एक गोष्ट देता येते. मारियाच्या मागे बहिणीचा शब्द होता, वडिलांची पत्रं होती, एका प्रयोगशाळेची किल्ली होती. नोकरी करून शिकणारी मुलगी एकटीच्या जिद्दीवर सगळं निभावते, असं आपण उगाच समजतो.

मी भाचीला फोन केला. परीक्षा होईपर्यंत दर रविवारी सकाळी माझ्याकडे ये म्हटलं. आतली खोली तुझी, चहा-जेवण माझं, आणि कुणी हाक मारणार नाही. सोडायचं की नाही ते नंतर ठरव, झोप झाल्यावर.

या रविवारी ती येतेय.