विश्लेषण : अणुतपासणीला आक्षेप घेणाऱ्या होमी भाभांनी तारापूरमध्ये ती का स्वीकारली?

युरेनियम समृद्धीकरणावर आंतरराष्ट्रीय देखरेख हवी, हे बहुतेक देशांना मान्य असते. पण तपासणी सर्वांची की फक्त मदत घेणाऱ्यांची? डॉ. होमी भाभांनी हा प्रश्न १९५६ मध्येच उपस्थित केला होता.

देखरेख कशासाठी?

नैसर्गिक युरेनियममध्ये यू-२३५ हे समस्थानिक जेमतेम ०.७ टक्के असते. अनेक वीजभट्ट्यांना ते ३ ते ५ टक्के लागते, तर अण्वस्त्राला साधारण ९० टक्के. दोन्हींसाठी यंत्रे तीच असल्याने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे (आयएईए) निरीक्षक सिलिंडरचे वजन करतात, सील व कॅमेरे तपासतात, पृष्ठभाग पुसून कणांचे नमुने घेतात.

भाभांचा आक्षेप काय होता?

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले भाभा १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. १९५५ च्या जीनिव्हा अणुपरिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आयएईएच्या घटनेवर चर्चा झाली, तेव्हा त्यांनी तपासणीच्या कलमांना आक्षेप घेतला. स्वयंपूर्ण देश मोकळे राहतील आणि मदत घेणारेच तपासणीखाली येतील, असा त्यांचा मुद्दा होता. अखेर तडजोड होऊन घटना मंजूर झाली.

मग तारापूरचे काय?

नैसर्गिक युरेनियमवर चालणारी ‘सायरस’ भट्टी कॅनडाकडून शांततामय वापराच्या हमीवर मिळाली. तिथे तपासणी नव्हती. तारापूरच्या भट्ट्यांना मात्र समृद्ध युरेनियम लागणार होते आणि ते अमेरिकेकडून येणार होते. त्यामुळे १९६३ च्या करारात भारताने तपासणी मान्य केली. विजेची गरज तत्त्वापेक्षा तातडीची ठरली.

त्यांच्यानंतर काय घडले?

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नात आयएईएच्या बैठकीला जाताना माँ ब्लाँवरील विमान अपघातात भाभांचा मृत्यू झाला. १९७४ च्या पोखरण चाचणीत सायरसमधील प्लुटोनियम वापरले गेले. त्यानंतर जगाने नियम कडक केले, तारापूरचे अमेरिकी इंधन अडले आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडे वळावे लागले. तपासणीविना दिलेली हमी पुरेशी नसते, हे सायरसने दाखवले. पण अण्वस्त्रप्रसारबंदी करारातही पाच अण्वस्त्रधारी देशांवर सर्वंकष तपासणीचे बंधन नाही. भाभांच्या आक्षेपाचा तो भाग आजही अनुत्तरित आहे.