सेनापतीचा पत्रव्यवहार

ग्वाल्हेरजवळच्या सालबाईला १७८२ साली तह झाला आणि मराठ्यांचे इंग्रजांशी पहिले युद्ध संपले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच वर्षांत त्याच इंग्रजांशी अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन झुंजत होता, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

वॉशिंग्टनचा जन्म १७३२ सालचा, व्हर्जिनियातला. वडील लवकर गेले. जमीनमोजणी करत मुलगा वाढला. जून १७७५ मध्ये वसाहतींच्या काँग्रेसने त्याला सरसेनापती नेमले. पगार त्याने नाकारला. फक्त खर्चाचा हिशेब ठेवला.

लढाया तो बऱ्याच हरला. खरी झुंज होती ती कागदावरची. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, त्यामुळे तिजोरी कायम रिकामी. शिधा, बूट, पगार यांसाठी तो अध्यक्षांना पत्रामागून पत्र धाडी. २३ डिसेंबर १७७७ रोजी व्हॅली फोर्जच्या छावणीतून हेन्री लॉरेन्स यांना त्याने बजावले, की रसद आली नाही तर फौज उपाशी मरेल किंवा पांगेल. अनवाणी आणि उघडी म्हणून २,८९८ माणसे कामाला निरुपयोगी, हा आकडाही कळवला. शेगडीजवळ बसून टीका करणाऱ्यांना चांगलाच टोला हाणला. पण धमकी नाही. आसपासच्या शेतकऱ्यांचे धान्य बळजबरीने उचलायला काँग्रेसने मुभा दिली होती, तरी त्याचे मन धजेना. त्या मोसमात सुमारे दोन हजार माणसे दगावली, बहुतेक रोगराईने. पुढे काँग्रेसची समिती छावणीत आली आणि रसदखाते सुधारले.

मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गला पगार थकलेले अधिकारी काँग्रेसवर बिथरले. वॉशिंग्टन सभेत गेला, एका प्रतिनिधीचे पत्र वाचू लागला, अक्षर लागेना. खिशातून चष्मा काढत, लढाईत केस पांढरे झाले, आता दृष्टीही चालली, अशा अर्थाचे काहीसे बोलला. अनेकांचे डोळे पाणावले. बंड तिथेच विरले. नंतर त्यांच्या मागण्यांसाठी काँग्रेसला पत्र लिहिले, तेही त्यानेच!

व्हॅली फोर्जच्या पत्राला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, २३ डिसेंबर १७८३ ला, ॲनापोलिसला त्याने काँग्रेसकडे राजीनामा दिला. पुढे आठ वर्षे राष्ट्राध्यक्षपद. त्याच्या शेतीवर मात्र तीनशेहून अधिक गुलाम राबत होते, हेही सांगायलाच हवे.

यॉर्कटाउनला त्याने हरवलेला कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडेच आला; टिपूविरुद्ध हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने लढले. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ ला गेला. तीनच महिन्यांनी पुण्यात नाना फडणवीस गेले.