नामदेवरायांनी दुसऱ्यांचं गाणं जपलं

॥ राम कृष्ण हरि ॥

दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून मंडळींनी आम्हाला संत नामदेवरायांचं चरित्र लिहायला सांगितलं. आम्ही शेती करणारे, शाळा चौथीपर्यंत. थोरांच्या तोंडून ऐकलं आणि कीर्तनात सांगत आलो, तेच इथं लिहितो. सगळं चरित्र एवढ्या जागेत मावणार नाही. ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांचं गाणं नामदेवरायांनी पुढं कसं आणलं, तेवढंच सांगतो.

शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० सालच्या कार्तिकी एकादशीचा जन्म. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा, घराण्याचं मूळ गाव हिंगोलीकडचं नरसी. लहानपणीच देवानं यांच्या हातचा नैवेद्य खाल्ला असा बोलबाला झाला, आणि मग थोडा ताठाही आला. तो उतरवला आपल्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांनी. कुंभार मडकं थापटून बघतो, तशी काकांनी जमलेल्या संतांची डोकी थापटली. बाकीचे गप बसले, नामदेवरायांना राग आला. हे मडकं अजून कच्चं हाय, असं काकांनी सांगून टाकलं. मग नामदेवराय विसोबा खेचरांना शरण गेले. आम्हाला वाटतं, पुढचं सगळं त्या एका थापटीतून निघालं. ज्याला आपलं कच्चेपण कळलं, त्यालाच दुसऱ्याचं पक्केपण दिसतं.

आधी घरातलंच बघा. गंगाखेडची जनी पोरवयात त्यांच्या घरी कामाला आली. झाडलोट, दळण, पाणी, शेण हेच तिचं जगणं. अशा बाईचं गाणं जात्यापाशीच विरून जायचं. पण त्या घरात ते ऐकलं गेलं, जपलं गेलं. आज जनाबाईंचे साडेतीनशेच्या आसपास अभंग नामदेवांच्या गाथ्यासोबत छापले जातात. मालकाच्या गाथ्यात मोलकरणीला जागा मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे, मायबाप.

वारकरी कीर्तनाचा पाया नामदेवरायांनी घातला असं आपण मानतो. ते कीर्तन रंगलं चंद्रभागेच्या वाळवंटात. देवळाला दार असतं, कोणाला आत घ्यायचं ते दार ठरवतं. वाळवंटाला दार नाही. तिथं कुंभार, सोनार, न्हावी एका रांगेत उभे राहिले, आणि चोखोबाही उभे राहिले.

चोखोबा मंगळवेढ्याचे. जातीमुळं जन्मभर देवळाबाहेर राहिले. त्यांचे अभंग अनंतभट्टांनी उतरून घेतले असं परंपरा सांगते. शके १२६०, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत पडली आणि कामावरच्या मजुरांबरोबर चोखोबा गाडले गेले. नामदेवराय तिथं गेले. ढिगाऱ्यात कोणाची हाडं कोणती, कसं वळखावं? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती त्यांनी उचलली, असं सांगतात.

ही कथा सास्तुरात फोड करून सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्याही भिंती पडल्या. मातीखालून आपलं माणूस काढणं म्हणजे काय, ते इथल्या घराघराला ठावं हाय.

ती हाडं पंढरीला आणून नामदेवरायांनी महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली. देवळाचं दार सगळ्यांना उघडायला पुढं १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. पण सहाशे वर्षं आधीच नामदेवरायांनी चोखोबांना देवाच्या समोर बसवून ठेवलं होतं. स्वतःसाठी मात्र त्यांनी पायरी मागितली. १३५० साली, ऐंशीच्या घरात असताना, ते महाद्वारातल्या पायरीखाली विसावले.

त्याआधी ते उत्तरेत पंजाबापर्यंत गेले. तिकडं घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. ज्यानं दुसऱ्यांचं गाणं जपलं, त्याचं गाणं परक्या मुलखानं जपलं.

आता आपलं बघू. सप्ता बसला की आपण लांबचे नामवंत महाराज आणतो. आणावेत, त्यात वावगं काही नाही. पण ज्याला जुन्या चाली पाठ आहेत असा गावातला म्हातारा टाळकरी मागच्या रांगेत उभा असतो, पत्रिकेत त्याचं नाव नसतं. जात्यावरच्या ओव्या येणारी आजी मांडवाच्या कडेला बसून असते. ती माणसं गेली की चाली आणि ओव्याही जातात, मग कितीही वर्गणी गोळा केली तरी परत येत नाहीत.

म्हणून दिंडीतल्या मंडळींना आमचं मागणं आहे. या आषाढीपासून दर मुक्कामी एक अभंग मागच्या रांगेतल्या माणसाला द्यावा. विणा थोडा वेळ थांबला तरी चालेल. आणि ज्या पोराला लिहिता येतं त्यानं वही घेऊन जवळ बसावं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.