देवळालीच्या मास्तरांचा आकड्यांचा डोंगर

नाशिक : १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा आकडी संख्या नीट बघा. एकपासून नऊपर्यंत चढते अन् तशीच खाली उतरते. उलटी वाचली तरी तीच. अशा संख्यांच्या नादात ज्यांनी आख्खं आयुष्य घालवलं, ते आपल्या देवळालीचे शाळामास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाची आवड, त्यामुळं आकडेमोडीची गोडी मुलाला घरातूनच लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथं १९२७ साली गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले, त्यापुढची पदवी नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शिकवलं.

वरची संख्या म्हणजे नऊ एकांचा वर्ग, १११११११११ गुणिले १११११११११. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१, असं करत करत हा डोंगर वाढतो. कागदावर गुणाकार मांडला की कारण कळतं. एकांच्या नऊ ओळी पायरीपायरीनं सरकतात, मधल्या रकान्यात नऊ एक जमतात, हातचा येत नाही. दहा एक घेतले की मध्ये दहा होतात, हातचा येतो अन् डोंगर मोडतो.

ही कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनात सुचली. स्टेशनाच्या जुन्या नावावरून त्यांनी या संख्यांना डेमलो संख्या म्हटलं. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भागली जाते, तिला त्यांनी हर्षद संख्या नाव दिलं. वरच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, अन् तिला ८१ नं पूर्ण भाग जातो. म्हणजे तीही हर्षदच.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. पण आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. मास्तर स्वतः पुस्तिका छापून काढायचे. १९६६ ला पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या. पण आकडे सोडले नाहीत.

१९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं अन् जगाला नाव कळलं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ मध्ये ते गेले. आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

घरातल्या पोरांना हे करायला सांगा. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यातून लहान क्रमाची संख्या वजा करा. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. पुन्हा ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. कुठलेही अंक घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथंच याल.